लाल सदरा, काळी विजार

कोरियातल्या व्यावसायिक बेसबॉलचा सुरुवातीचा इतिहास वाचताना आपण क्रीडापान वाचतोय की वाण्याची यादी, असा प्रश्न पडतो. लोटे म्हणजे च्युइंगगम आणि चॉकलेटं, बिंग्रे म्हणजे आइस्क्रीम आणि केळ्याच्या चवीचं दूध, हेताई म्हणजे बिस्किटं. तिघांचेही संघ होते. त्यातल्या बिस्किटवाल्यांनी 1983 ते 1997 या पंधरा वर्षांत नऊ वेळा अजिंक्यपद पटकावलं, तेही समोर सॅमसंगसारखं धनाढ्य घराणं उभं असताना. त्या हेताई टायगर्सचं गाव बघायला मी ग्वांगजूला निघालो होतो. हेताईचं नाव जाऊन आता तिथे किआ आलंय. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सेल्टोस आणि सोनेट दिसतात, तीच किआ.

सोलच्या योंगसान स्टेशनातल्या दुकानात ‘होमरन बॉल’ नावाची पुडी मिळते. आत लिंबाएवढे पोकळ, हलके गोळे आणि त्यांच्या पोटात चॉकलेट. हे हेताईचंच उत्पादन, 1981 सालचं. गंमत अशी की कोरियात व्यावसायिक लीग सुरू झाली 1982 मध्ये. म्हणजे होमरन आधी दुकानात आला, मग मैदानावर. खरं तर त्यात नवल नाही. त्याआधी या देशाला वेड होतं ते शाळांच्या बेसबॉलचं, आणि ते वेड इतकं पक्कं होतं की त्याच्या जिवावर खाऊ खपत असे.

सोबत सोलमधले एक स्नेही होते. पन्नाशीचे, एका बांधकाम कंपनीत हिशेब बघणारे. जन्म सोलचा, पण घराणं मोक्पोकडचं, म्हणजे नैऋत्य टोकाच्या बंदराचं. त्यांनी गाडीत बसल्या बसल्या पुडी फोडली आणि मला बजावलं, ‘आज रात्री लोटेशी मॅच आहे. लोटेची कुठलीही वस्तू आज खायची नाही.’

गाडी दक्षिणेला लागते तशी डोंगरांची गर्दी विरळ होत जाते आणि भातखाचरं सुरू होतात. कोरियात डोंगर नसलेली जमीन म्हणजे श्रीमंती, आणि ही श्रीमंती होनाम प्रांतात, म्हणजे जोल्ला भागात, सगळ्यात जास्त. पण ती त्या लोकांना फारशी लाभली नाही. जपानी राजवटीत इथला तांदूळ गुनसान आणि मोक्पो या बंदरांतून जहाजं भरभरून जपानला गेला. पुढे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी देशात कारखाने उभारायला घेतले, तेव्हा पोलाद पोहांगला गेलं, मोटारी आणि जहाजं उल्सानला, इलेक्ट्रॉनिक्स गुमीला. ही सगळी गावं पूर्वेकडच्या ग्योंगसांगमधली, म्हणजे खुद्द पार्क यांच्या मुलखातली. जोल्लाची तरुण पोरं रेल्वेत बसून सोलच्या गिरण्या आणि बांधकामांवर गेली. तिथे त्यांच्या बोलीची टिंगल व्हायची. सिनेमात गुंड किंवा घरगडी दाखवायचा असला की त्याच्या तोंडी जोल्लाची बोली द्यायची, हा ठरलेला प्रघात होता.

मग 1980 चा मे महिना आला. पार्क यांच्या हत्येनंतर जनरल चुन दू-ह्वान यांनी सत्ता बळकावली, देशभर लष्करी कायदा कडक केला आणि किम दे-जुंग या जोल्लाच्या नेत्याला अटक केली. ग्वांगजूत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर छत्रीदलाचे सैनिक सोडले गेले, आणि 18 मेपासून 27 मेपर्यंत या शहरात जे घडलं त्याबद्दल कोरियात पुढची कित्येक वर्षं मोठ्याने बोलायचीही सोय नव्हती. किम दे-जुंग यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती अंमलात आली नाही एवढंच.

याच चुन दू-ह्वान यांच्या राजवटीत व्यावसायिक बेसबॉल सुरू झालं. 27 मार्च 1982 ला सोलच्या दोंगदेमुन मैदानावर पहिला सामना झाला आणि औपचारिक पहिला चेंडू टाकला तो खुद्द राष्ट्राध्यक्षांनी. लोकांचं लक्ष राजकारणावरून उडावं म्हणून हा खेळ मांडला गेला, हे आता कोरियातली शाळकरी मुलंही सांगतात. सहा संघ, सहा मुलूख. ज्या मुलखाची जी कंपनी, तिने तिथला संघ पोसायचा. जोल्लात मोठ्या कंपन्या मोजक्याच होत्या, म्हणून बिस्किटवाले पुढे आले.

ग्वांगजू-सोंगजोंग स्टेशनाबाहेर आम्ही टॅक्सी केली. मैदान गाठायचं होतं, पण स्नेह्यांनी चालकाला आधी कुमनाम-रो या मुख्य रस्त्याने न्यायला सांगितलं. तिथे जोनिल नावाची दहा मजली जुनी इमारत आहे. वरच्या मजल्याच्या खांबांवर आणि जमिनीवर गोळ्यांच्या खुणा जपून ठेवल्यात. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी 2017 मध्ये तपासून सांगितलं की त्या वरून, हेलिकॉप्टरमधून झाडलेल्या गोळ्यांच्या असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक खुणेला क्रमांक दिलाय. इमारतीच्या नावातच आता 245 हा आकडा आहे, तपासात मोजलेल्या खुणांचा. काही खड्डे बोटाच्या पेरात मावतील एवढे उथळ, काहींच्या भोवती सिमेंटचा पोपडा तळहाताएवढा उडालेला. खाली पूर्वीच्या प्रांतिक कचेरीचं आवार आणि कारंजं दिसतं. 21 मे 1980 ला सैन्याने तिथल्या गर्दीवर गोळीबार केला.

टॅक्सीत परत बसल्यावर मैदानाचं नाव ऐकून चालक म्हणाला, ‘टॅक्सीवाल्यांचंच मैदान ते.’ तो सांगत होता ते खरं आहे. 20 मे 1980 च्या संध्याकाळी शहरातले टॅक्सीचालक मुदुंग स्टेडियमसमोर जमले. जखमींना इस्पितळात नेणाऱ्या चालकांनाही सैनिकांनी बदडलं होतं. दोनशेच्या आसपास टॅक्सी, पुढे बस आणि ट्रक, सगळ्यांचे दिवे लावलेले, सगळ्यांचे भोंगे वाजत, असा ताफा कुमनाम-रोकडे निघाला. उठाव फक्त विद्यार्थ्यांचा राहिला नाही तो त्या संध्याकाळपासून. आणि दोनच वर्षांनी त्याच मुदुंग स्टेडियममध्ये लाल सदरा आणि काळी विजार घातलेले खेळाडू चुन साहेबांच्या लीगमधले सामने खेळायला लागले.

जुनं मुदुंग मैदान अजून आहे, डागडुजी करून हौशी संघांसाठी ठेवलेलं. त्याला खेटून 2014 मध्ये नवं चॅम्पियन्स फील्ड उभं राहिलं. रस्त्यापलीकडे जुन्या सूतगिरण्यांचं आवार. 1930 च्या दशकात जपानी कानेबो कंपनीने उभारलेल्या गिरणीपासून त्यांची सुरुवात झाली. आता तिथे मॉल आणि टॉवर यायचेत. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला त्या जागेबद्दल वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. गिरणीतल्या मुली पाळी सुटल्यावर मॅच बघायला येत, असं स्नेह्यांच्या आत्याच्या तोंडचं. त्या आत्याने तिथे साचे चालवले होते.

मॅच संध्याकाळी साडेसहाला. हातात वेळ होता म्हणून आम्ही चालत ग्वांगजू जेइल हायस्कूलकडे गेलो. मला विचाराल तर टायगर्सचं खरं देऊळ स्टेडियममध्ये नाही, या शाळेत आहे. आवारात एक उंच स्मारकस्तंभ आहे, 1929 च्या विद्यार्थी आंदोलनाचा. नाजू स्टेशनात जपानी मुलांनी कोरियन मुलींची छेड काढली, मारामारी झाली, आणि 3 नोव्हेंबरला या शाळेची पोरं रस्त्यावर आली. लोण देशभर पसरलं. स्तंभापासून थोड्या अंतरावर बेसबॉलचं मैदान. आम्ही गेलो तेव्हा वीसेक मुलं ओळीने उभी राहून जमिनीवरून सरपटत येणारे चेंडू उचलत होती. चुकलं की मोठ्याने क्षमा मागायची आणि रांगेत मागे जायचं. बाकी कसला आवाज नाही. टायगर्सचा पिचर सन दोंग-योल इथला. ली कांग-चोल इथला. ली जोंग-बम इथला. पुढे अमेरिकेत गेलेला किम ब्युंग-ह्यन, तोही इथलाच.

त्या काळच्या नियमाप्रमाणे आपापल्या मुलखातले खेळाडू आधी त्या त्या संघाला मिळायचे. ही सोय झाली म्हणून हेताई घडली. जोल्लात कारखाने कमी होते, पण ही एक शाळा होती आणि गुनसानला व्यापारी हायस्कूल होतं. 1972 च्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बुसान हायस्कूलविरुद्ध 1-4 असं मागे असताना गुनसानच्या पोरांनी शेवटच्या डावात चार धावा काढून तो सामना जिंकला होता. तेव्हापासून त्या शाळेला ‘उलटफेरवाले गुनसान’ असंच म्हणायला लागले.

लोक हेताईची कहाणी सांगताना ‘दुखावलेल्या शहराच्या संतापातून संघ जिंकला’ असं सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण संतापाने कोणी वळणारा चेंडू टाकायला शिकत नाही. जिंकण्याची कारणं त्या शाळेच्या मैदानावर दिसतात. संतापाचं काम वेगळं होतं, ते स्टँडमध्ये चालायचं.

पहिल्या वर्षी तर हेताईकडे धड वीस खेळाडूही नव्हते. 80 सामन्यांचा हंगाम काढायचा कसा? गुनसानचा किम सोंग-हान पिचिंगही करायचा आणि बॅटिंगही. 1982 मध्ये त्याने पिचर म्हणून 10 सामने जिंकले आणि त्याच हंगामात आपल्या फटक्यांवर 69 धावा घडवून त्या यादीत तो देशात पहिला आला. दोन्ही करतो म्हणून ओहतानीचं नाव आज घरोघर झालंय. हा माणूस ते नाइलाजाने करत होता. किम बोंग-यनने 22 होमरन मारून सर्वाधिक होमरनचा पहिलाच मान मिळवला. तरी संघ सहांत चौथा.

1983 मध्ये प्रशिक्षक म्हणून आले किम उंग-योंग. हत्तीएवढा देह आणि टोपणनावही हत्तीच. हे गृहस्थ जोल्लाचे नव्हतेच. उत्तरेत जन्मलेले, युद्धात बापाबरोबर दक्षिणेला पळून आलेले आणि वाढले ते बुसानमध्ये. म्हणजे जोल्लाच्या अस्मितेचा रखवालदार निर्वासित आणि शत्रूच्या गावात वाढलेला! पंचाशी भांडण, खुर्च्यांवर लाथा, मैदानातून हकालपट्टी, सगळं यथासांग. त्यांनी पहिल्याच वर्षी अजिंक्यपद आणलं आणि 2000 पर्यंत ते तिथेच राहिले. 1986 ते 1989 अशी सलग चार वर्षं हेताई अजिंक्य. कंपनी पगाराला हात आखडता घेई, खेळाडू कुरकुरत, आणि ऑक्टोबर आला की जिंकत.

अंतिम मालिकेचे शेवटचे सामने नियमाप्रमाणे बहुधा सोलच्या जमसिल स्टेडियमवर होत, त्यामुळे बहुतेक अजिंक्यपदं ग्वांगजूच्या बाहेर साजरी झाली. पण जमसिल परकं नव्हतं. सोलला पोटासाठी गेलेले लाखो जोल्लावासी तिथे यायचे. स्नेह्यांचे वडील त्यातलेच, गवंडीकाम करणारे. ‘आठवडाभर मुकादमासमोर बोलीभाषा दाबून बोलायचे,’ स्नेही म्हणाले, ‘आणि स्टेडियमात शिरलं की सुटायचे. मला खांद्यावर घेऊन रडत गायचे. मी सहा-सात वर्षांचा. मला वाटायचं आपण हरतोय.’ गाणं म्हणजे ‘मोक्पोचे अश्रू’, ली नान-यंगने 1935 मध्ये गायलेलं. जपानी अमलातलं विरहगीत. क्रीडासामन्यात गाण्यासारखं त्यात काही नाही, आणि तरी संघ आघाडीवर असतानासुद्धा हजारो माणसं तेच गायची. मधूनच कोणीतरी किम दे-जुंग यांच्या नावाचा पुकारा करी आणि पूर्ण स्टँड तो उचलून धरी. त्या नावाच्या घोषणा रस्त्यावर दिल्या तर पोलीस येत. इथे पाच-दहा हजार माणसांत कोणाला धरणार?

सरकारलाही याची धास्ती होतीच. 18 मेला ग्वांगजूत सामना ठेवायचा नाही, हे वेळापत्रक बनवणारे वर्षानुवर्षं पाळत राहिले. जो खेळ लोकांना विसरायला लावण्यासाठी मांडला, त्याच्याच मैदानावर लोक आठवायला जमतील ही भीती. चुन यांच्या सल्लागारांचा हिशेब फसला तो इथे.

अर्थात हे सगळं उदात्त होतं अशातला भाग नाही. ऑक्टोबर 1986 मध्ये सॅमसंगविरुद्धच्या अंतिम मालिकेत ग्वांगजूच्या प्रेक्षकांतून आलेली बाटली सॅमसंगच्या पिचरच्या डोक्यात बसली. दोन सामन्यांनंतर देगूमध्ये तिथल्या प्रेक्षकांनी हेताईची बस पेटवून दिली. देगू हे ग्योंगसांगचं मोठं शहर, चुन यांचं शिक्षण झालेलं. दोन प्रांतांतल्या वैराला बेसबॉलने जन्म दिला नाही, पण ते धुमसत ठेवायला संध्याकाळी साडेसहाची वेळ मात्र नेमून दिली.

आणि तरीही त्या काळातला सगळ्यात मोठा सामना कोणी जिंकलाच नाही. 16 मे 1987, बुसानचं साजिक स्टेडियम. लोटेकडून चोई दोंग-वन, हेताईकडून सन दोंग-योल. चोई बुसानचा, योन्से विद्यापीठाचा. 1984 च्या अंतिम मालिकेत त्याने एकट्याने चार सामने जिंकून दिले होते. सन त्याच्याहून लहान, ग्वांगजूचा, कोरिया विद्यापीठाचा. आदल्या वर्षी, 1986 मध्ये, सनने 24 सामने जिंकले होते आणि नऊ डावांमागे त्याच्या नावावर सरासरी एकही पूर्ण धाव लागली नव्हती: 0.99. दोघे आधी दोनदा समोरासमोर आले होते, एक सनने जिंकला होता, एक चोईने. त्यामुळे या तिसऱ्याला निकालाचं स्वरूप आलं होतं.

लोटेने दोन धावांची आघाडी घेतली, हेताईने एक फेडली. नवव्या डावात, सामना संपायला आला असताना, हेताईने बरोबरी साधली, 2-2. मग जादा डाव सुरू झाले. दहावा, अकरावा, बारावा. आजच्या काळात पिचरने शंभर चेंडू टाकले की प्रशिक्षक घड्याळाकडे बघायला लागतो. त्या दिवशी दोघांपैकी एकानेही चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला नाही. मी त्या सामन्याचं जुनं चित्रण पाहिलंय. चोई चश्मा लावतो. शेवटच्या डावांत दर चेंडूआधी चश्मा सारखा करणं, मोजे ओढणं, टोपी सारखी करणं हा त्याचा विधी हळू हळू लांबत जातो, पण चुकत नाही. सन रुंद अंगाचा. तो चेंडू सोडताना इतका खाली झुकतो की गुडघा मातीला टेकेल असं वाटतं. दोघांच्याही चेहऱ्यावर खुन्नस नाही. एकमेकांकडे ते जवळजवळ बघतच नाहीत. पंधराव्या डावानंतर नियमाप्रमाणे सामना थांबला. चोईने 209 चेंडू टाकले होते, सनने 232. वेळ 4 तास 56 मिनिटं.

दोनच दिवसांनी, 18 मेला, सोलच्या म्योंगदोंग चर्चमधून धर्मगुरूंनी जाहीर केलं की एका विद्यार्थ्याचा पोलीस कोठडीत छळ करून मृत्यू झाला आणि त्यातले खरे गुन्हेगार सरकारने लपवले. जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले आणि चुन यांच्या राजवटीला थेट निवडणूक मान्य करावी लागली. सामन्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण पुढे 1988 मध्ये चोई दोंग-वनने खेळाडूंची संघटना बांधायला घेतली, आणि त्याच्या मालकांनी त्याला सॅमसंगला देऊन टाकलं, हे मला त्या 209 चेंडूंइतकंच महत्त्वाचं वाटतं. 2011 मध्ये तो गेला, साठीही न गाठता.

नव्वदच्या दशकाबद्दल स्नेही भरभरून बोलतात, मी आवरतं घेतो. ली जोंग-बम आला 1993 मध्ये. ‘वाऱ्याचा पोर’ हे त्याचं नाव. 1994 मध्ये .393 च्या सरासरीने 196 फटके आणि 84 चोरलेले बेस. चोरलेला बेस म्हणजे पिचरचं लक्ष नसताना पुढच्या टप्प्यावर धूम ठोकायची. हा माणूस लक्ष असतानाही पळायचा. त्याचा मुलगा ली जंग-हू आता सॅन फ्रान्सिस्कोसाठी खेळतो आणि त्याला अर्थातच ‘वाऱ्याचा नातू’ म्हणतात.

आणि मग 1997. ऑक्टोबरमध्ये हेताईने नववं अजिंक्यपद जिंकलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेताई उद्योगसमूह कर्जाखाली कोसळला. त्याच महिन्यात देशाला नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. डिसेंबरमध्ये किम दे-जुंग राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ज्या नावाच्या घोषणा स्टँडमध्ये दबक्या हिमतीने दिल्या जायच्या, ते नाव राष्ट्राध्यक्षांच्या निळ्या महालात गेलं, आणि हेताई टायगर्स त्यानंतर एकदाही जिंकले नाहीत. काही म्हातारे याला नियती मानतात. मी ताळेबंद मानतो. सन आधीच जपानला गेला होता, 1998 मध्ये ली जोंग-बमही गेला, बाकीच्यांना पैशांसाठी विकलं. कोणी उरलंच नाही हे किम उंग-योंग यांचं रडगाणं टीव्हीवरच्या नकलाकारांनी देशभर पोचवलं. शेवटी तेही गेले सॅमसंगला, आणि 2002 मध्ये त्यांनी सॅमसंगला पहिली अंतिम मालिका जिंकून दिली. देगूकरांना आपलं स्वप्न बस जाळलेल्या संघाच्या प्रशिक्षकाकडून पुरं करून घ्यावं लागलं!

ऑगस्ट 2001 मध्ये किआने संघ घेतला. किआही त्याच संकटात बुडून ह्युंदाईच्या पंखाखाली आलेली, पण तिचा मोठा कारखाना ग्वांगजूत होता आणि आहे. म्हणजे अखेरीस शहराला स्वतःच्या कारखान्याचा संघ मिळाला. दहाव्या अजिंक्यपदाला बारा वर्षं लागली. 2009 च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, जमसिल, नववा डाव, 5-5 बरोबरी, आणि ना जी-वानने चेंडू स्टँडमध्ये भिरकावला. मग 2017, मग 2024. बारा वेळा अंतिम मालिका, बाराही वेळा विजय. यातलं 2024 चं अजिंक्यपद 28 ऑक्टोबरला ग्वांगजूतच मिळालं. घरच्या मैदानावर असा क्षण 1987 नंतर पहिल्यांदा आला होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू किम दो-यंग, 38 होमरन आणि 40 चोरलेले बेस, हा ग्वांगजूचाच. जन्म 2003 चा.

संध्याकाळी स्टेडियमबाहेर निम्म्या पाठींवर त्याचाच 5 क्रमांक होता. ज्या मुली तो घालून आल्या होत्या त्यांच्या जन्माआधीच हेताईचं नाव पुसलं गेलं होतं. तळलेलं कोंबडं, बिअर आणि ग्वांगजूची खासियत म्हणजे लेट्यूसच्या पानात गुंडाळून खायची भजी. आत भिंतीवर 18 आणि 7 हे दोन निवृत्त क्रमांक, सन आणि ली जोंग-बम यांचे. कुंपणापलीकडे उतारावर एक नवी कोरी किआ उभी, होमरन तिच्यावर आदळला तर ती मारणाऱ्याची.

इथे बॅटरगणिक गाणं असतं. प्रत्येक खेळाडूला स्वतःचं, आणि ते वीस हजार लोकांना पाठ. साथीला नगारे आणि ध्वनिक्षेपक. पुढे नाचणाऱ्या मुलींचा ताफा. समोरचा बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला की त्या दोन्ही अंगठे वर करून डुलतात. एवढ्याशा नाचाने 2024 मध्ये जगभरचे मोबाईल व्यापले होते. मला मात्र वेगळंच आवडलं. लोटेचा पिचर चेंडू न टाकता पुन्हा पुन्हा पहिल्या बेसकडे फेकून धावकाला धाकात ठेवू लागला, तेव्हा अख्खं स्टँड एका सुरात ओरडलं. स्नेह्यांनी सांगितलं, ‘अरे बाबा, उजाडेल की आता!’ हे ठेठ जोल्लाच्या बोलीत. जी बोली दाबून त्यांच्या वडिलांनी सोलमध्ये वीटकाम केलं, ती आता ध्वनिक्षेपकावरून, तालावर, आणि इंचॉन-सुवनहून आलेल्या, जोल्लाशी नातं नसलेल्या पोरांच्याही तोंडी होती. त्या पोरांना हा इतिहास ठाऊक नाही म्हणून हळहळणारे लेख कोरियन वर्तमानपत्रांत येतात. मला हळहळ वाटत नाही. सामना बघताना नुसता सामनाच बघता यावा, यासाठीच तर मागच्या पिढीने एवढं सोसलं.

आठव्या डावापर्यंत टायगर्स दोन धावांनी पुढे होते. मग पिचर बदलला. नवा आलेला पोरगा पहिल्या चार चेंडूंत एकही सरळ टाकेना. एक बॅटर फुकट पहिल्या बेसवर, मग एक फटका, मग आणखी एक, आणि बुसानची मंडळी उभी राहून त्यांचं गाणं म्हणायला लागली. लोटेने 1992 नंतर अजिंक्यपद पाहिलेलं नाही, पण गाण्यावरून तसं वाटत नव्हतं. सामना लोटेने जिंकला.

दिवसभर मला गोळ्यांच्या खुणा, टॅक्सी, गिरणी आणि ‘मोक्पोचे अश्रू’ दाखवणारे स्नेही आता एकाच विषयावर बोलत होते: चांगला चाललेला पिचर काढला कशाला? टॅक्सीत तेच, सोंगजोंग स्टेशनच्या फलाटावर तेच. गाडी सुटल्यावर त्यांनी वडिलांना फोन लावला. म्हातारबुवांनी घरी टीव्हीवर सामना पाहिला होता. फोन कानापासून चार बोटं लांब धरावा लागला, इतका त्यांचा आवाज चढला होता. मला बोली कळत नव्हती, पण मधूनमधून ‘हत्ती’ हा शब्द येत होता. किम उंग-योंग असते तर त्या पोराला मैदानात उतरवलंच नसतं, असं म्हणत असावेत. स्नेही म्हणाले, नाही, उलट आहे. हत्तीनेही 1990 साली हीच चूक केली होती म्हणतायत, आणि ती त्यांनी अजून माफ केलेली नाही.